माशीचे सोवळे

‘बेगडी’ हा शब्द आपल्या मराठीत शिवीसारखा वापरला जातो. बेगडी प्रेम, बेगडी विद्वत्ता, बेगडी देशभक्ती! पण बेगड बिचारी कुणाचे काय वाईट करते? आकाशकंदिलाच्या कडेला ती चिकटली, मखरावर चढली, गौरीच्या मुकुटावर बसली, की थोडक्या पैशांत घर उजळते. मी सोने आहे असे ती कधी कुणाला सांगत नाही. सोन्याचा आव आणतात ती माणसे. आणि बदनाम झाली बेगड.

आज ज्या वस्तूची बाजू घेऊन मला भांडायचे आहे, ती अशीच नखशिखांत बेगडी आहे, आणि तिचा सारा गुण तिच्या बेगडीपणातच आहे. मासे धरण्याच्या गळावर बांधायची खोटी माशी, ती ही वस्तू. ऐन दिवाळीत, फराळाच्या ताटात ही माशी कुठून पडली, असे वाचक विचारतील. त्यांनी जरा धीर धरावा. या माशीच्या पायी पक्षी मारले गेले आहेत, चोऱ्या झाल्या आहेत, आणि त्या पक्ष्यांपैकी एक आपल्या सह्याद्रीतला आहे.

थंड देशांतल्या स्वच्छ, वाहत्या नद्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. त्याचे बरेचसे अन्न म्हणजे पाण्यातले किडे. मेफ्लाय नावाची एक नाजूक माशी असते. तिचे पिल्लू वर्षभर, कधी दोन वर्षे, नदीच्या तळाशी दगडगोट्यांत काढते. मग वर येते, कात टाकते, पंख पसरते आणि एखाद्या दिवसात, कधी काही तासांतच, संसार आटोपून मरते. ट्राउट तिच्यावर टपून असतो. म्हणून तिकडचे हौशी लोक गळाला गांडूळ न लावता अशी एक नकली माशीच गळावर बांधतात. टेबलाच्या कडेला एक लहानशी पकड लावायची, तिच्यात गळ घट्ट धरायचा, आणि बारीक धाग्याने त्यावर पिसांचे तंतू, लोकर, केस, तार असे काहीबाही आवळत जायचे. शेवटी गाठ मारून वर वॉर्निशचा एक थेंब सोडायचा, की झाली माशी. या साऱ्या कारागिरीत खरे असे काय असते? एक गळ, आणि नेमका तोच लपवायचा असतो!

म्हणजे ही माशी ही माशाला मारलेली एक थाप आहे. मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा थापांचा व्यवसाय मला परका नाही. थाप साधली की नाही, एवढाच या धंद्यातला प्रश्न असतो. ती कोणत्या शाईने लिहिली आणि टाक सोन्याचा होता की बोरूचा, हे अजून मला एकाही वाचकाने विचारलेले नाही. पण माशीच्या जगात या थापेलाही सोवळे आहे. अमुक पक्ष्याचेच पीस, अमुक प्राण्याचाच केस, अमुकच रेशीम. नाहीतर माशी बाटली!

माझा एक भाचा नोकरीनिमित्त स्कॉटलंडात असतो. त्याला तिकडे हा नाद लागला. पगार बेताचा, घरभाडे जबर. तेव्हा स्वारीने घरातल्याच वस्तूंवर हात मारायला सुरुवात केली. बिघडलेल्या खेळण्याच्या मोटरमधली तांब्याची तार, बायकोचे नेलपॉलिश, दिव्याच्या ओढायच्या साखळीतले बारीक मणी, पावाच्या पिशवीची पट्टी, शेजाऱ्याच्या कुत्र्याला विंचरताना फणीत राहिलेले केस, आणि आमच्या ताईने, म्हणजे त्याच्या आईने, इकडून पाठवलेली विरलेल्या पैठणीच्या काठाची जर. एवढ्या भांडवलावर त्याने डबीभर माश्या बांधल्या. तिथल्या एका जुन्या मंडळाच्या तळ्यावर तो गेला असता एका वयोवृद्ध सभासदाने ती डबी पाहिली. फरशी पुसायच्या मॉपचे एक जाडसर बोट कापून बांधलेली माशी त्याने चिमटीत धरली आणि निकाल दिला, की ही माशीच नव्हे. हिच्यावर मिळालेला मासा आम्ही धरत नाही. भाच्याने मला फोनवर विचारले, “मामा, माशाने गिळली ती माशी नव्हे, तर मग माशाने गिळले काय?”

मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणे हा माझा पेशा आहे. त्या सभासदाशी बोलण्याची संधी मला मिळणार नाही, म्हणून हे इथे लिहितो.

हा तंटा एकट्या माझ्या भाच्याचा नव्हे. अमेरिकेत मॉपच्या बोटाची माशी निघाली तेव्हा तिच्यावर मासे तुटून पडले आणि तिच्यावरून माणसेही तुटून पडली. ते बोट पाण्यात एखाद्या गुबगुबीत अळीसारखे दिसते, एवढेच तिचे रहस्य. मुलांच्या लवचिक खेळण्यांचे पाय तोडून केलेल्या गांडुळासारख्या माशीवर तर इंग्लंडातल्या काही तळ्यांनी बंदी घातली. आक्षेप काय, तर तिला मासे फार लागतात! गणित फार लवकर सुटते म्हणून रीत चुकीची ठरवणारा परीक्षक मी अजून पाहिलेला नाही.

परंपरेच्या नावाने बोलणाऱ्यांनी निदान परंपरा वाचावी. या माशीचा जुन्यात जुना उल्लेख सुमारे इ. स. २०० च्या आसपासचा. ईलियन नावाच्या रोमन लेखकाने ग्रीक भाषेत लिहून ठेवले आहे, की मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गलोलीखाली उगवणारी, मेणाच्या रंगाची दोन पिसे तिला लावतात. लाल लोकर आणि कोंबडा! एक वस्तू घरातली, दुसरी परसातली. सूतकताईची टोपली आणि खुराडे यांच्या बाहेर पाऊल न टाकता बांधलेली ही आद्य माशी. पुढे १४९६ साली इंग्लंडात, डेम ज्युलियाना बर्नर्स हिच्या नावावर सांगितला जाणारा गळाच्या मासेमारीवरचा ग्रंथ छापला गेला. त्यात बारा माश्यांची कृती आहे आणि त्यांतल्या बहुतेकींचे अंग साध्या लोकरीचे आहे. म्हणजे ज्या परंपरेचे हे लोक रखवालदार, त्या परंपरेचा पाया शिवणाच्या डब्यात आहे.

आणि पावित्र्याची हौसच असेल तर ‘टप्स इंडिस्पेन्सिबल’ या माशीची हकीगत ऐकावी. डेव्हनमधल्या टिव्हर्टन गावच्या ऑस्टिन नावाच्या गृहस्थाने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ही माशी बांधली. तिचे नाव ठेवले स्क्यूज या नामांकित मासेमाराने. तिचे मिश्रण अनेक वर्षे गुपित होते. ऑस्टिनच्या मागे त्याच्या मुलीने ते सांभाळून त्यावर धंदा चालवला. त्या मिश्रणातला मुख्य घटक मेंढ्याची लोकर. मेंढ्याच्या कोणत्या भागावरून ती काढीत, हे दिवाळी अंकात लिहिण्यासारखे नाही. वडीलधाऱ्यांनी तर्क करावा आणि मुलांना सांगू नये. तर ही माशी सोवळी, आणि धुतलेल्या मॉपची माशी ओवळी! आमच्या आजीबाईंच्या सोवळ्याला निदान काही तर्कशास्त्र होते.

ज्याला खरोखर मासा हवा असतो तो काय करतो, हे पाहायचे तर फ्रँक सॉयरकडे जावे. हा विल्टशरमधल्या एव्हन नदीचा राखणदार. नदी राखणे हेच त्याचे काम असल्यामुळे तो दिवसचे दिवस पाण्यात टक लावून बसे. मेफ्लायचे पिल्लू पोहताना पाय अंगाशी घेते हे त्याने पाहिले. तेव्हा त्याने आपल्या माशीचे पाय काढूनच टाकले. पाण्याखाली जायचे तर वजन हवे. म्हणून त्याने रेशमी धागाही टाकला आणि त्याच्या जागी तांब्याची बारीक तार घेतली. तार वजनही देते, बांधतेही आणि चमकतेही. फेझंटच्या शेपटीचे चार तंतू आणि ही तार, एवढ्यावर त्याची माशी झाली. १९५८ मध्ये त्याचे पुस्तक निघाले, आणि आज जगात जिथे जिथे ट्राउट आहे तिथे तिथे ही माशी आहे. त्याची दुसरी माशी, ‘किलर बग’, याहून साधी. तिच्यात पीससुद्धा नाही. तार आणि लोकर, एवढेच. लोकर तरी कोणती? चॅडविक कंपनीची ४७७ क्रमांकाची, मोजे रफू करायची!

हे कमी वाटत असेल तर सॉयरच्याच गावात राहणाऱ्या ऑलिव्हर काइटची गोष्ट घ्या. त्याने लोकरही सोडली आणि पीसही सोडले. उघड्या गळावर छातीच्या जागी तांब्याच्या तारेचे काही वेढे दिले, आणि त्यावर मासे धरून दाखवले. ही ‘उघड्या गळाची माशी’ त्याच्याच नावाने ओळखली जाते. मासा पाहतो तो आकार, ठेवण आणि हालचाल. पीस कोणत्या दुकानातले हे तो विचारत नाही. गळ पाण्यात कसा उतरतो आणि कसा किंचित उचलला जातो, यात काइटची सारी विद्या होती. ती विकत मिळत नाही, आणि मला वाटते सोवळ्याच्या मंडळींना नेमके तेच खुपते. पिसे पैशाने मिळतात.

पिसे पैशाने मिळू लागली की काय होते, त्याचा इतिहास लांबचा नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश साम्राज्याच्या जहाजांतून जगभरचे पक्षी लंडनच्या बाजारात येत. बायकांच्या हॅटांवर ते बसले, तसे सॅमन माशाच्या गळावरही बसले. जॉर्ज केल्सनने १८९५ मध्ये या माश्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. एकेका माशीत कितीतरी पक्ष्यांची पिसे, अमुक थरावर अमुक, असे काटेकोर पाठ त्याने दिले. गंमत अशी, की समुद्रातून नदीत चढणारा सॅमन अंडी घालायला आलेला असतो. नदीत तो जवळजवळ काही खातच नाही. मग तो गळ का तोंडात घेतो, यावर अजून जाणकारांचे एकमत नाही. म्हणजे ही रत्नजडित माशी कुठल्याही माशीची नक्कल नव्हे, आणि ज्याच्यासाठी ती केली त्याला भूकही नाही. आणि तिच्यात एका पक्ष्याऐवजी दुसऱ्याचे पीस चालणार नाही! ज्या पिसाला हे लोक ‘इंडियन क्रो’ म्हणतात, तो पक्षी दक्षिण अमेरिकेतला आहे. तो इंडियन नाही आणि क्रोही नाही. नावसुद्धा बेगडी.

खरा इंडियन निराळाच आहे. आंबोलीच्या किंवा राधानगरीच्या जंगलात पहाटे गेलेल्यांनी राखी रानकोंबड्याची तुटक बांग ऐकली असेल. नराच्या मानेवरच्या पिसांवर मेणासारखे, मिनाकारी केल्यासारखे चकचकीत ठिपके असतात. हे पीस सॅमनच्या माशीच्या गालावर डोळा म्हणून लावीत, आणि ‘जंगल कॉक’ या नावाने ते जगभर विकले जाई. एका माशीला दोन ठिपके. एका पक्ष्याला एक मान. आपल्या कोकणातल्या, घाटमाथ्यावरच्या आणि खाली पार दक्षिणेपर्यंतच्या रानांतल्या किती माना या डोळ्यांसाठी मुरगळल्या गेल्या, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला आपल्याकडे संरक्षण आहे. परदेशात आज पाळलेल्या पक्ष्यांची पिसे कायद्याने विकली जातात. ते असो. पण दुसऱ्या साध्या काळ्या पिसावर नेलपॉलिशचा पांढरा-पिवळा थेंब दिला तरी तो डोळा होतो, आणि उपाशी नसलेल्या सॅमनला त्यातला फरक कळण्याचे कारण नाही.

ज्याला फरक कळतो तो माणूस किती दूर जातो, हे २००९ च्या जूनमध्ये दिसले. इंग्लंडात ट्रिंग या गावी लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाचा पक्षिसंग्रह आहे. रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये बासरी शिकणारा एक वीस वर्षांचा अमेरिकन तरुण रात्री खिडकी फोडून आत शिरला आणि २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी सूटकेसमध्ये भरून आगगाडीने परत गेला. तो जुन्या पद्धतीच्या सॅमन-माश्या बांधण्यात निपुण होता. त्या पक्ष्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेसने दीडशे वर्षांपूर्वी मलाय द्वीपसमूहात, तापाने फणफणत, जमवलेले स्वर्गपक्षी होते. क्वेट्झल होते, तो ‘इंडियन क्रो’ही होता. पक्षी कुठे, केव्हा, कुणी धरला ते लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या पायाला बांधलेली होती. त्यांतल्या कितीतरी चिठ्ठ्या काढून टाकल्या गेल्या, आणि पिसे सुटी करून, पुड्या बांधून माशीवाल्यांना विकली गेली. चिठ्ठी गेली की शास्त्रज्ञाच्या लेखी पक्षी दुसऱ्यांदा मेला. २०११ मध्ये त्या तरुणाला बारा महिन्यांची शिक्षा झाली, तीही स्थगित. या प्रकरणावर कर्क वॉलेस जॉन्सन यांनी २०१८ मध्ये पुस्तक लिहिले, ते मिळाल्यास जरूर वाचावे. बासरीला पिसाची संगत आपल्याला नवी नाही. पण आपल्या बासरीवाल्याच्या मुकुटातले पीस मोर दर साली आपणहून टाकतो.

मला त्या मुलाच्या गुन्ह्यापेक्षा त्याच्या गिऱ्हाइकांचे अधिक वाटते. त्यांतले बहुतेक जण ती माशी कधी पाण्यात घालणार नव्हते. चौकटीत बसवून भिंतीवर लावणार होते. ‘अस्सल’ या एका शब्दाने त्यांना इतके झपाटले होते, की अस्सल पक्षी कुठून आला हे विचारायचे राहून गेले.

यावर प्रतिपक्षाचे म्हणणे मी ऐकलेले आहे आणि त्यात जे खरे आहे ते मान्य करण्याला माझी ना नाही. जुनी सॅमन-माशी ही कला आहे, हे खरे. ज्याला ती करायची त्याने पाळीव कोंबड्या-बदकांची पिसे रंगवून खुशाल करावी. असे करणारे कलावंत आहेतही. दुसरे, काही पिसे पाण्यात श्वास घेतल्यासारखी हलतात, तशी हालचाल प्लॅस्टिकला साधत नाही, हेही खरे. पण असे सर्वांत हलते पीस, ज्याला ‘माराबू’ म्हणतात, ते पूर्वी माराबू करकोच्याचे असे आणि आज खाण्यासाठी पाळलेल्या टर्कीचे असते. नाव करकोच्याचे, पीस खाटकाकडचे, आणि त्याला कुणी ओवळे म्हणत नाही!

तिसरा आक्षेप मात्र मला लागतो. मॉपचे तंतू, चपलेचा फोम, खेळण्याचे रबर ही सारी प्लॅस्टिकची भावंडे. गळ झाडाझुडपांत अडकून दोरा तुटला की ती नदीतच राहतात, आणि नदी पवित्र करायला निघालेल्या माणसाने तिच्यात कचरा टाकावा हे शोभत नाही. हे मी भाच्यालाही सांगितले. तो म्हणाला, “मामा, दुकानातल्या चकचकीत पुडीतले तंतूही प्लॅस्टिकचेच असतात, फक्त त्यांच्यावर ट्राउटचे चित्र असते.” पोराचे म्हणणे बिनतोड आहे. तरी मी माझ्या मतावर आहे: तरंगणाऱ्या माशीला फोमचा तुकडा लागला तर लागो, पण जिथे लोकरीने भागते तिथे लोकर घ्यावी. जपानच्या डोंगरी नद्यांतले लोक तर माशीच्या अंगासाठी नेच्याच्या कोवळ्या कोंबावरची लव वापरतात. तिच्यासाठी ना दुकानात जावे लागते, ना पक्ष्याच्या मानेला हात लावावा लागतो.

आता घरात बसून हा उद्योग करू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी थोडे कामाचे. हिमाचलात आणि काश्मीरात ट्राउट आहे, तेव्हा अशी मुले आपल्याकडेही निघतील. घरातली प्रत्येक वस्तू चालते असे समजू नये. शिवणाचा साधा दोरा जाड. लहान गळावर त्याचे बोंड होते. तिथे कृत्रिम रेशमाचा बारीक भरतकामाचा धागा उकलून त्याचा एक पदर घ्यावा. कंदिलाची कागदी बेगड पाण्यात विरघळते आणि रंग सोडते, जर टिकते. काही रंगीत लोकरीचा रंग जातो, म्हणून ती आधी वाटीभर पाण्यात रात्रभर भिजवून पाहावी. कोरडी लोकर आणि ओली लोकर यांचे रंग वेगळे. मासा ओलीच पाहतो, तेव्हा निवड ओल्या नमुन्यावरून करावी. चॅडविकच्या त्या लोकरीचे इंगित हेच होते. कोरडी असताना फिकट करडी, जराशी गुलाबी झाक. भिजली की आतल्या तांब्यावर ती झाक खुलते आणि गळावर जणू जिवंत मांस दिसू लागते.

ती ४७७ क्रमांकाची लोकर कंपनीने १९६० नंतरच्या दशकात बंद केली. झाले! मोजे रफू करायच्या त्या कार्डांचा शोध सुरू झाला. जुन्या कपाटांतून, मेलेल्या आज्यांच्या टोपल्यांतून ती निघू लागली, चढ्या भावाने विकली जाऊ लागली, आणि खरी ४७७ कुठली, खोटी कुठली यावर तज्ज्ञ निर्माण झाले. सोवळ्याला विषय मिळाला. अमेरिकेतल्या काही व्यवहारी माणसांनी मात्र ती शोधण्यात वेळ न घालवता शेटलंड बेटांतल्या जेमिसन या लोकरवाल्याची ‘ऑयस्टर’ नावाच्या छटेची लोकर भिजवून पाहिली. ती जुळली. विणकामाच्या दुकानात ती गुंडीने मिळते, आणि भाच्याने त्यातली अर्धी माश्यांना ठेवून अर्धीचे मुलीसाठी टोपडे विणायला बायकोला दिले आहे.